पाणी सोडणे

जिल्ह्याच्या नव्या दालनात सगळे डोंगर बघत होते.
मी कागद बघत होते.

एकतीस वर्षं कात्रीघरात एकेक ताव
उजेडाशी धरला. गाठ दिसली,
सालीचं काळं कुसळ दिसलं
की ताव पुन्हा हौदात.
जेवताना शौथ्यान विचारायचा,
आज माझे किती बुडवलेस?

उतारावर पेंढा पसरायचा वर्षभर,
पावसानं भिजवायचा, उन्हानं पांढरा करायचा.
मग चिंगतानची साल, रानवेलीचा बुळबुळीत रस,
हौदाच्या दोन टोकांना दोन माणसं, मध्ये बांबूची चटई.
एकानं श्वास सोडला की दुसऱ्यानं कलवायची.
जानेवारीत नवऱ्याची बोटं गाजरासारखी.
पुढे तापलेली भिंत, पाइनच्या सुयांचा कुंचा,
आणि वाफ.
छपराकडे जाणारी ती वाफ कुणी बघत नसे.
आमचा माल कागद.
पाण्यावर आम्ही केव्हाच पाणी सोडलेलं.

ख्वांगमास्तरांचं चित्र माझ्याहून उंच.
कुऱ्हाडीनं छाटल्यासारखे कडे, एकामागे एक,
तळाशी पूल, पुलावर तांदळाएवढा माणूस,
आणि मधोमध धबधबा.
मी नाक काचेला लावलं.
धबधब्यात शाईचा थेंब नाही.
दोन्हीकडून डोंगर आलेत आणि थांबलेत,
मधे उरलंय तेवढं कोसळतंय.

उरलंय ते आमचं आहे.

पहाऱ्यावरची पोरगी म्हणाली, मावशी, पिवळ्या रेषेमागे.
सरकले.
तिथून तर आवाजही येत होता,
चटई हौदात शिरताना होतो तेवढाच.

आणि खडकाच्या जरा वर, पाण्यात,
एक कुसळ. नखाएवढं.
मास्तरांनी ते झाकलं नाही.
लांबून वाटतं, वरच्या जंगलातली काटकी
वाहत येतेय.

हे माझ्या नजरेतून सुटलं,
की मी सोडलं?
शौथ्यानच्या शेवटच्या हिवाळ्यात,
त्याचे हात थरथरायला लागले तेव्हा,
मी काही ताव सोडले होते.
किती, ते मोजले नाहीत.
त्याला बोलले नाही.

चार-दहाची बस होती.
पोरीला म्हटलं, त्या काटकीपाशी बघ,
तो ताव माझ्या नवऱ्याचा.
ती हसली, तिकीट फाडून दुसऱ्याकडे वळली.

तो असता तर चश्मा लावून
बराच वेळ बघत राहिला असता,
आणि म्हणाला असता,
छे, हा दुसऱ्या हौदातला.