साक्षीदार

पुंता अरेनासला जूनमध्ये उजाडायला दहा वाजतात.
तोवर आम्ही दिव्यांखाली बांधतो.
नव्या दवाखान्याची पूर्वेकडची भिंत
अशीच उभी राहिली, अर्धी काँक्रीट, अर्धी रात्र.

अठ्ठावीस दिवसांनी ठोकळे दाबून फोडले.
सहापैकी चार लवकर फुटले.
प्रयोगशाळेचा कागद आला, त्याखाली
योवांका मिहोविलोविच, सरकारी देखरेख,
तिची हिरवी शाई:
भिंतीतून नमुने कापा. पुन्हा तपासा.

कलम सदतीस मला तोंडपाठ आहे.
पुन्हा तपासून भिंत नापास झाली
तर कापणं, तपासणं, पाडणं, सगळं ठेकेदाराच्या माथी.
पास झाली
तर शंका ज्याची, खर्च त्याचा.
शंकेला किंमत असते एवढं कलमाला कळतं.
ती कुठून आली
हे विचारणं त्याच्या कामात बसत नाही.

हिऱ्याच्या दातांचं यंत्र पुएर्तो मोंतहून जहाजानं आलं.
चार दिवस समुद्र, आणि भाडं दिवसाचं.
पाणी नळीत गोठू नये म्हणून
किटल्यांवर किटल्या ओतत राहिलो.
मग भिंतीतून निघाले तीन दंडगोल,
ओले, जड,
कापल्या जागी नदीचे गोटे चकचकीत.
आमच्या स्पॅनिशमध्ये त्यांना तेस्तीगो म्हणतात.
कोर्टातल्या साक्षीदारालाही हाच शब्द.

बाल्दोविनो चिगुआयनं एकेक साक्षीदार
दोन-दोन पोत्यांत गुंडाळला.
एवढी काळजी त्यानं मे महिन्यात घेतली असती तर...

त्या रात्री उणे सात होतं.
भिंतीला आम्ही ताडपत्री दिली, गॅसच्या शेगड्या दिल्या.
ठोकळे राहिले शेडबाहेर, उघडे,
कारण चिलोएहून फोन आला होता,
त्याच्या भावाची होडी परतली नव्हती.
सकाळी परतली. नुसतं इंजिन बिघडलेलं.
नोंदवहीत त्या तारखेचा रकाना कोरा आहे.
तो मी पाहिला,
आणि वही मिटली.

साक्षीदारांचा निकाल आला.
दोन ठणठणीत, तिसरा काठावर, पण काठाच्या आत.
मी पत्र लिहिलं:
निकाल समाधानकारक. कलम सदतीसनुसार खर्च आपणाकडे.
यंत्र, जहाज, दोन माणसं, अकरा दिवस,
भोकं बुजवायचं सिमेंट वेगळं.
एकही शब्द खोटा नव्हता.

योवांकानं विचारलं, "मग ठोकळे का फुटले?"
मी म्हणालो, "थंडी."
तेही खोटं नव्हतं.
तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.
मग हिरव्या शाईचं टोपण काढलं.

बाल्दोविनोनं तिन्ही भोकं स्वतः बुजवली,
सुट्टी झाल्यावर, कुणी न सांगता,
कपाळाला दिवा बांधून.
पैसे घेतले नाहीत.
मीही, का घेत नाहीस, असं विचारलं नाही.
आम्हा दोघांत एवढाच करार, बिनकागदाचा.
सिमेंटचा रंग जुळला नाही तो नाहीच.

आता त्या भिंतीलगत बाकडं आहे.
लस घ्यायला बसलेली माझी धाकटी
तीन गडद वर्तुळांवरून बोट फिरवते.
"हे काय आहे?"
"भिंतीला एकदा पुन्हा विचारावं लागलं होतं."
"मग तिनं खरं सांगितलं?"
"तिनं सांगितलं."