आवक-जावक

एकतीस वर्षं मी नगरपालिकेत शिक्के मारले,
जन्माचे, मरणाचे, जमिनीच्या हिश्शांचे.
खोटा कागद मला लांबूनच कळायचा:
शाई जरा जास्त ताजी,
आणि आणणारा जरा जास्त नम्र.
म्हणून तर लाज वाटते.

त्या साली तिसा नदी काठोकाठ होती,
मका शेतातच उभा नोव्हेंबर लागेपर्यंत,
भिजून, वाळून, पुन्हा भिजून.
तसाच आम्ही चार्दाकात भरला,
फळ्यांची लांबोडकी कणगी ती, वारा आरपार जाणारी.
"बाकीचं वारा बघेल," स्पासोये म्हणाला.
कणसांच्या शेंड्यांना फिकट गुलाबी लव होती,
तान्ह्याच्या टाचेसारखी.
मी अंगठ्यानं पुसली. पुसली गेली.

जानेवारीत लहान माद्या सुजल्या.
अडीच महिन्यांच्या, एकमेकींचे कान चघळायच्या वयाच्या,
आणि शेपटीखाली लाल, टरारलेल्या,
जाणत्या डुकरिणींसारख्या माजावर.
शेजारचा व्लास्तिमिर कुंपणावर रेलला,
"ड्रागिन्या, पोरींची लग्नं काढ आता!"
मीही हसले.
नोंद असावी म्हणून लिहिते: मीही हसले.

मग मोठी बेल्का व्याली, मुदतीआधीच.
अकरा.
सात काळी, आक्रसलेली,
भट्टीत विसरून राहिलेल्या नासपतींसारखी.
तिघांना उभंच राहता येईना,
मागचे पाय फाकून पडली, बर्फावर घसरल्यागत,
गोठ्यात बर्फ नसताना.
अकरावं दोन दिवस माझ्या स्वयंपाकघरात होतं,
बुटांच्या खोक्यात.

डॉक्टर इलोना केरेकेश आली,
डुकरांकडे तिनं थोडा वेळ पाहिलं, मक्याकडे बराच.
"हा माज नाही," म्हणाली, "नक्कल आहे.
बुरशी एक विष बनवते,
ते मादीच्या संप्रेरकाची हुबेहूब सही करतं.
देह फसतो. त्याला वाटतं, वेळ झाली."
उकळून घातला तर?
"उकळ. बुरशी मरेल, सही राहील."
चाळून?
"थोडं जाईल, फुटक्या दाण्यांबरोबर, धुळीबरोबर.
पण जो पिवळाधमक दिसतो ना,
त्याचीही हमी मी देणार नाही."

वास नाही, चव नाही.
बिनशाईचा शिक्का.

फेब्रुवारीत धान्यवाला रादिवोय ट्रक घेऊन दारात.
"चांगल्यात मिसळतो, एकास दहा. नाहीसं होतं."
इलोनाला फोन केला.
"नाहीसं होत नाही," ती म्हणाली, "वाटलं जातं."
स्पासोये काही बोलला नाही, बोटांवर मोजत राहिला:
ट्रॅक्टरचा टायर, विजेचं बिल,
नातीच्या दातांची तार.
मी फाटक लावून घेतलं. पुढे चार दिवस
तो माझ्याशी फक्त मिठाबद्दल बोलला.

आता तो मका आम्ही शेगडीत जाळतो.
दाणे तडतडतात, रात्रभर कोणी
दारावर नखं वाजवल्यासारखे.
इतकं ऊबदार हे घर कधीच नव्हतं,
स्पासोये बंडीवर बसतो,
बाहेर खिडकीला बोटभर बर्फ.

चारा बदलला, तशी धाकट्यांची सूज उतरली.
तीन आठवड्यांत त्या परत लहान झाल्या.
बेल्का मात्र कोपऱ्यात तोंड घालून असते.

आणि डिसेंबरात, हे सगळं कळायच्या आधी,
किकिंदाच्या बाजारात मी दोन ट्रॉल्या विकल्या होत्या.
कानटोपीवाला माणूस, नदीपलीकडचा, रोख पैसे.
मूठभर दाणे हुंगून त्यानं विचारलं,
"कोरडा आहे ना?"
कोरडा होता.

माझी वही मी अजून ठेवते, दोन रकान्यांची.
आवक: मका, अमुक इतका, आपल्या शेतातला.
जावक: दोन ट्रॉल्या.
कोणाला?
तिथे कोरी जागा आहे.
एकतीस वर्षांत कधी सोडली नव्हती.