येणे बाकी

नाट्याच्या जेटीवर सोसायटीचा डिझेल पंप,
आणि पंपाची वही सतरा वर्षं माझ्याकडे.
डाव्या पानावर नावं, उजव्या पानावर आकडे,
शिवणीत सुकलेली खवलं.
हात धुऊन पैसे द्यायला इथे कुणी येत नाही.

नजीर मजगावकरची पहिली बोट आंबोळगडाच्या खडपावर गेली.
माणसं पोहून आली, इंजिन राहिलं.
बायकोच्या पाटल्या मोडून त्याने दुसरी घेतली,
पहिली वसूल व्हायला.
मग कर्ज काढून पर्ससीनचं जाळं,
दुसरी वसूल व्हायला.
"ताई, एक बांगड्याचा हंगाम लागू दे,
सगळं एकदम फेडतो."
आपल्याकडे कुणाची बाकी आहे
हे समुद्राला अजून कुणी कळवलेलं नाही.

शेट्ये जिल्हा परिषदेला एकशे बारा मतांनी पडले.
हजारांनी पडते तर झोपले असते.
एकशे बारा म्हणजे मोजता येतात,
कोंबडी खाऊन गेलेली तोंडं एकेक आठवता येतात.
सड्यावरची चाळीस कलमं विकून पुढची लढवली.
नऊशेंनी गेली.
आता पोराला उभा करतायत, खालची बाग गहाण.
"मागे फिरलो तर लोक म्हणतील, चाळीस कलमं फुकट घालवलीन."
ती कलमं नव्या मालकाच्या गडग्याआड
दरवर्षी बिनविरोध मोहरतात.

सोनू कांबळे रात्रीचा राखणदार, फौजेतून आलेला.
एकदाच बोलला, लाइट गेली होती तेव्हा.
"टेकडीला नाव नव्हतं ताय, नंबर होता.
चौघं वर राहिली. त्यांना आणायला अकरा गेलो.
सहा परत आलो.
मग त्या पाचांसाठी आणखी तीस.
साहेब म्हणाला, एवढी गेल्यावर आता सोडायची कशी?"
"मग?"
"घेतली की."
"वर काय होतं?"
त्याने टॉर्च हातावर आपटली, दोनदा.
"वारा," म्हणाला. "बूट राहायचा नाही पायात, असा वारा."

माझा बाप तांडेल होता.
मी नऊ वर्षांची, हट्टाने होडीत बसलेली.
नांगर खडपात अडकला आणि सुकती लागली.
तासभर ओढला त्याने, दोराने तळव्यांची सालं काढली,
होडीचं नाक पाण्याला टेकायला लागलं.
मग त्याने कोयता मागितला.
एक घाव. होडी एकदम हलकी झाली,
शाळा सुटल्यासारखी.
मी रडायला लागले, नांगर नवा होता,
लोहाराचे पैसेही द्यायचे होते.
तो म्हणाला, "रड घरी गेल्यावर."

एवढंच सांगून थांबले असते तर बाप शहाणा ठरला असता.
पण दुसऱ्या दिवशी ओहोटीला तो परत गेला,
बुडी मारणारा एक पोरगा घेऊन.
तीन दिवस शोधला.
तीन दिवसांची मासळी त्या नांगराखाली गेली,
आणि आईने ती त्याला मरेपर्यंत वाढली.

पान चौसष्ट.
एक नाव मी दर एप्रिलला नव्या वहीत उतरवते.
माणूस मस्कतला गेला त्याला अकरा वर्षं झाली.
शेवटचं डिझेल भरताना म्हणाला होता,
"पुढच्या हप्त्यात येतो, तुझ्याशी बोलायचंय."
काय बोलायचं होतं, ते वहीत लिहायला रकाना नाही.
नाव कापलं जाऊ नये म्हणून
थोडे थोडे मी माझ्या पगारातून भरते. सोनूला ठाऊक आहे.
ऑडिटरलाही बहुतेक, कारण या वर्षी
त्याने लाल पेन टेबलावर विसरल्यासारखं ठेवलं
आणि म्हणाला, "बुडीत खात्यात टाका, बाई. मोकळ्या व्हा."

मी टोपण काढलं.
पट्टी ठेवली नावावर, सरळ रेघ यावी म्हणून.

जेटीवर भोंगा वाजला.
नजीर. भरती धरायची घाई.
"किती?" मी खिडकीतून विचारलं.
"दोनशे लिटर."
पुढचं तो बोलला नाही, मीही विचारलं नाही.
लाल पेन मिटलं,
निळं शोधायला लागले.