उथळ पाणी

माझे वडील, ओइवा, ह्या कोर्पीयोकी नदीतून
बावीस उन्हाळे दगड काढत होते.
फिनलंडच्या नकाशावर ही केसाएवढी रेघ,
पण वरच्या जंगलातून ओंडके सोडायचे तर
पात्र सरळ हवं, अडवणारं कुणी नको.
मजुरी मीटरवर.
त्या मीटरांची राईची भाकरी आम्ही पाच भावंडांनी खाल्ली.
ती भाकरी खोटी होती, असं मी आजही म्हणणार नाही.

आता मी एकाहत्तर वर्षांची. मांडीपर्यंत रबरी बूट,
आणि तेच दगड परत पाण्यात.
साठ वर्षं ढीग पडून होते काठावर,
शेवाळ पांघरून, मधून भूर्ज फुटलेले.
पोकलेनवर साइमी बसते, नखांना निळा रंग.
लोखंडी पंजात टनभर धोंडा धरून ओरडते,
"त्युने, हा कुठे होता?"

मला काय ठाऊक कुठे होता.
मला एकच आठवतो:
ज्यावर आई सतरंज्या घासायची,
ज्याच्या आडोशाला पाणी थांबून दम खायचं.
तो वडिलांनी सुरुंगानं फोडला, एका मंगळवारी.
त्यात त्यांची शेवटची दोन बोटं गेली.
संध्याकाळी आई म्हणाली, आता सतरंज्या कुठे धुवू?
बोटांबद्दल काहीच बोलली नाही.

त्याचे दोन तुकडे सापडले.
कडेला सुरुंगाच्या भोकाची अर्धी खाच,
माझं बोट तिच्यात बरोबर बसतं.
सांधता थोडेच येतात.
साइमीनं ते हातभर अंतरावर ठेवले,
मधून पाणी घुसलं
आणि आवाज झाला.

उथळ पाण्याला खळखळाट फार, म्हणतात ना, नाक मुरडून?
मी त्या खळखळाटासाठी तीन वर्षं
बादल्यांनी खडी वाहिली.
ट्राउटची मादी तिथंच शेपटीनं खड्डा करते, अंडी पुरते.
खोल, शहाण्या पाण्यात ती गुदमरून जातील.

आणि खाली वाळूत ते काळे शिंपले.
काही शंभरीपुढचे; वडिलांचा जन्म त्यांच्या आयुष्यातला,
सुरुंगही.
त्यांची पिल्लं जगायची तर ट्राउटच्या कल्ल्यांत
एक हिवाळा बिऱ्हाड करावं लागतं,
आणि ट्राउटच नव्हते.
मोजणीला आलेला वेसा
काचेच्या तळाची बादली पाण्यावर टेकवून
बराच वेळ वाकून राहिला. मग म्हणाला,
"सगळ्यांत धाकटा तुमच्या वयाचा आहे."

साइमी गेली, पुढच्या ऑगस्टला येईल.
चौदा ढीग बाकी.
काल रात्री काठाला बर्फाचा पापुद्रा धरला,
दोन तुकड्यांच्या मधे मात्र पाणी काळंभोर, जागं.
मी हातमोजा काढला, हात आत घातला,
शेवटची दोन बोटं मिटून,
किती वेळ सोसतं ते बघत.