पेरूचं पाकीट

तपासणीला आलेले टेकाळे साहेब
जाताना एक पाकीट ठेवून गेले ओट्यावर.
पाव किलो कॉफी. पेरूची.
सोनूनं लगेच नाकाला लावलं,
म्हणाला, ह्याला पेरूचा वास कुठंय?

आसनेच्या काठाला कुकरवर हळद शिजत होती,
धूर कुठला अन् वाफ कुठली, ओळखू येत नव्हतं.
केवळामावशीनं पाकीट फोडलं,
दुधात मूठभर टाकली, वर गूळ,
चहासारखी तीनदा उतू आणली.
चोथा दाताखाली करकरला.
मुनीरभाई थुंकला. "जळके चिंचोके."
मावशी म्हणाली, पिऊन टाक,
एवढ्या लांबून आलीय, पाहुणीय.

पाकिटाच्या पाठीवर एक बाई होती,
टोपी घातलेली,
हसावं की नाही हे अजून न ठरलेली.
खाली नाव: एउलालिया किस्पे. दीड हेक्टर.
म्हणजे पावणेचार एकर, मी मनात केलं,
माझ्याहून अर्धा जास्त.

गटाची वही मी लिहिते.
एकशे बारा खातेदार.
कुणी कोणत्या तारखेला काय टाकलं,
निंबोळी किती, शेणखत किती,
शेजाऱ्यानं फवारलं तेव्हा वारा कुणीकडचा होता.
ह्या शेवटच्या रकान्यात
कुणी खोटं बोलत नाही फारसं,
पण वाऱ्याला साक्षीला कोण आणणार?

तिकडंही असेल असाच रकाना.
असेल एखादी, दिवेलागणीला
पेन झटकत दारोदार फिरणारी,
कर गं बाई सही, म्हणणारी,
तिच्या बोलीत.

सोनूनं काळ्या चौकटींवर मोबाइल धरला.
व्हिडिओ अडकत अडकत उघडला.
लाल फळं, बोरांएवढी.
मग चिखल. मग खेचर. मग ओढ्यावरचा पूल,
वरच्या पैशातून गटानं बांधलेला.
मतं किती पडली, कोण रुसून बसलं,
ते काही दाखवलं नाही.
आमच्याकडं तीन बैठका झाल्या गोदामात:
पॉलिशचा ड्रम की मुलींच्या शाळेला संडास.
पाच मतांनी संडास.
मुनीरभाई अजून ड्रमचं नाव काढतो.

शेवटी ती दिसली,
अंगणात दाणे पसरलेले अन् ती त्यातून चालत,
पायानंच सऱ्या पाडत,
बोटं जराशी वर उचलून.
मावशीनं मोबाइल हातात घेतला.
"हिच्या टाचा बघ," म्हणाली,
अन् बराच वेळ दुसरं काही बोलली नाही.

मग म्हणाली, विचार की तिला, काय भाव मिळतो?
व्हिडिओला विचारता येत नाही, मावशी.
मग लावला काहून?

पाकिटावर लिहिलं होतं, वाजवी भाव.
किती, ते नव्हतं.
आमच्या हळदीच्या डब्यावरही तसंच छापतात म्हणे.
मागच्या साली माझाही फोटो गेला, निळ्या साडीतला,
वसमतच्या स्टुडिओवाल्यानं
हनुवटी दोनदा वर करायला लावलेली.
असेन मी आत्ता कुणाच्या तरी ओट्यावर,
कुणी दुधात कालवून पीत असेल मला, पिवळी,
तोंड वाकडं करून,
अन् घरातली म्हातारी म्हणत असेल,
पी, लांबून आलीय.

चौथ्या दिवशी पाकीट संपलं.
आवडली कुणालाच नव्हती, तरी संपलं.
मावशीनं ते धुतलं, उलटं करून वाळवलं,
त्यात गवारीचं बी भरलं अन् खुंटीला अडकवलं.
"मिरगात पेरू," म्हणाली.
सोनू खो खो हसत सुटला.
मावशीला कळेना, एवढं काय झालं.

खुंटीवर बाईचं तोंड भिंतीकडं होतं.
जाता-येता मी ते सरळ करते,
वाऱ्यानं पुन्हा फिरतं.