पिवळी

कणकवलीच्या व्यायामवाल्या बाईंनी
टेबलावर पाच पट्ट्या मांडल्या:
पिवळी, तांबडी, हिरवी, निळी, काळी.
म्हणाल्या, तांडेल, यातली कुठली?
चाळीस वर्षं जाळं ओढलेला माणूस मी,
काळीवर बोट ठेवलं.

बाई हसल्या नाहीत.
एक टोक कडीत अडकवलं, दुसरं माझ्या मुठीत दिलं.
ओढा पंधरा वेळा.
तिसऱ्यालाच खांदा कानाला भिडला,
चौथ्याला पट्टीनेच मला ओढलं.

मग पिवळी.
साडेतीन हात लांब, माझ्याएवढीच,
नातीच्या वेणीची रिबीन वाटावी अशी.
आनंदवाडीच्या जेटीवर दाऊद होडेकर म्हणाला,
"तांडेला, ह्या रबरान काय धरतलंस? बांगडो?"

दोर मला कळतो.
काथ्या भिजल्यावर किती आखडतो,
नायलॉन कुठल्या महिन्यात हाताला काचायला लागतो,
विचारा.
रबर कळलं नाही.
पश्चिमेच्या खिडकीत, खिळ्याला टांगून ठेवली,
थेट खाडीच्या वाऱ्यावर.
जाळ्याचं असं कोणी केलं असतं
तर मी त्याला होडीवरून उतरवला असता.

चैत्रात ती चिकट झाली.
वैशाखात ताणली तर अंगभर बारीक चिरा,
जुन्या बशीला असतात तशा.
तरी ओढत राहिलो.
एका सकाळी, नवव्या खेपेला,
तुटली.
वासंती म्हणाली, गालावर कसला वळ?
काही न बोलता तोंड धुवायला गेलो.

बाईंनी फोनवर एकच विचारलं,
तेल चोळून पट्टी धरता का हो?
धरायचो. वासंती सकाळीच खांद्याला खोबरेल चोळायची.
खोबरेल माणसाला, म्हणाल्या, रबराला नव्हे.
आधी पट्टी. मग तेल.

दुसरी घ्यायला स्वतः गेलो.
दुकानदाराने गठ्ठा टाकला पुढ्यात.
एकेक पट्टी अंगठ्यावरून सरकवत नेली,
फाटलेला आस शोधताना नेतो तशी.
तिसरीच्या काठाला तांदळाच्या कणीएवढी खाच होती.
ही नको.
तो म्हणाला, काका, सगळ्या सारख्याच.
सारखे दोन दोर
मी अजून पाहिलेले नाहीत.

आता बावडीच्या गोड्या पाण्यात बुडवतो,
पिळत नाही, माजघराच्या सावलीत वाळवतो,
वर धाकट्या नातवाच्या पावडरीची चिमूट.
घडी सैल, शेवयांच्या रिकाम्या डब्यात.
फणसाच्या दाराची कड पॉलिश पेपरने घासून घेतली
आणि दोन दिवस चुकीच्या बाजूला उभा राहिलो:
ओढीने दार मिटलं पाहिजे,
माझं उघडत होतं,
म्हणजे पुढचा वळ कपाळावर.

ओढायला तीन आकडे, सोडायला पाच.
हे पाच मला जड गेले.
ओढताना आम्ही सगळे एका सुरात ओरडायचो,
सोडताना कोण मोजायचं?

शर्टाची दुसरी बाही आता माझी मीच घालतो.
वासंती अजून सवयीने
मागे येऊन उभी राहते.
तांबडी पाकिटातच आहे.
गणपती झाले की बघू.

तुटलेल्या पिवळीचे त्यातल्या त्यात धड तुकडे
तिने विळीवर कापून ठेवलेत,
बाजारात न्यायच्या कुर्ल्यांच्या नांग्या बांधायला.
घमेल्यात एक मोठी काळपट कुर्ली,
नांगीवर माझी पट्टी.
मी पायरीवर बसून बघतो.
ओढते, थांबते,
पुन्हा ओढते,
सोडताना मात्र झटका देते.

बाई असत्या
तर ओरडल्या असत्या तिला.