लावलेली रात्र

खोर फक्कानच्या वाटेवरच्या प्राणिसंग्रहालयात
एक अंधारं घर आहे.
बाहेर शेहेचाळीस डिग्री, भर दुपार;
आत त्यांनी रात्र लावून ठेवलीय,
पंखा लावावा तशी.
"यांची सकाळ आम्ही संध्याकाळी सातला करतो,"
दारावरचा मोईनुल सांगतो आणि जांभई देतो.

लाल दिव्याखाली साळिंदर.
पाटीवर अरबी, खाली नकाशा,
कोकणावरही रंग सांडलेला.
"बाबा, हे आपल्याकडचं?"
शाल्मलीचं 'आपल्याकडे' म्हणजे सुट्टीतले वीस दिवस.

हो, म्हटलं. रात्री यायचं, करांदे उकरायचं.
आम्ही डबे बडवायचो, शिव्या घालायचो.
सकाळी आई मात्र बांधावर काटा शोधायची,
भांग पाडायला.
धड पाहिलं नव्हतं कधी.
पाहिलं ते इथं, तिकीट काढून.

ते चालतं. सहा पावलं, दगड, वळण.
सहा पावलं, दगड.
मी मोजत राहिलो.
पाणी गोडं करायच्या प्लांटवर माझी अकरा वर्षं रात्रपाळी;
खिडकीला काळा कागद चिकटवून झोपतो.
पण मला पगार आहे. आणि दार.
तुलना करू नये.

एकदा त्यानं काटे फुलवले,
कुणावर, ते कळलं नाही.
मग भुईवर एक पडलेला दिसला, पांढरा-काळा, आखूड.
"मागू या?" शाल्मली म्हणाली.
मोईनुलनं मान हलवली:
मोजतात.

बाहेर ऊन तसंच उभं.
माझे डोळे उघडेनात.
तिनंच बोट धरून गाडीपर्यंत नेलं.